लाकडावरचं नाव

गेल्या वर्षी मी अमेरिकेतल्या जुन्या घरगुती वस्तूंविषयीचे काही लेख इंग्रजीतून मराठीत आणले. कामाच्या पहिल्याच आठवड्यात गाडी अडली ती ‘चेस्ट ऑफ ड्रॉअर्स’ या तीन शब्दांशी. ‘ड्रॉवर’ला मराठीत खण म्हणतात, पण कपाटाच्या फळ्यांमधल्या रिकाम्या जागेलाही आपण खणच म्हणतो. त्यामुळे ‘खणांचं कपाट’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे दारं आणि फळ्या येतात, ओढून बाहेर काढायचे खण येत नाहीत. ‘पेटी’ म्हणावं तर निम्म्या वाचकांना भजनातली पेटी ऐकू येते. शिवाय खण म्हणजे चोळीचा खणही. ओटी भरताना नारळाबरोबर दिला जातो तो. हा शेवटचा अर्थ माझ्या कामाचा नव्हता, पण पुढे त्यानंच मला जास्त सतावलं.

या वस्तूचा इतिहास साधा आहे. इंग्लंडमधून न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या घरांत कपडालत्ता ठेवायला वरून झाकण उघडणारी लाकडी पेटी असे. तिची अडचण आपल्याकडच्या ट्रंकेसारखीच: तळातली चादर हवी असेल तर वरचं सगळं उपसायचं. म्हणून पेटीच्या तळाशी एक खण बसवला जाऊ लागला. मग दोन, मग तीन. शेवटी वरची झाकणाची पेटी गेली आणि नुसते खण उरले. या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावरच्या पेट्यांचा एक मोठा समूह मॅसॅच्युसेट्समध्ये, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात सापडतो. त्यांना ‘हॅडली चेस्ट’ म्हणतात. ओक आणि पाइनच्या, साधारण १६८० ते १७४० या काळातल्या. दर्शनी बाजू ट्यूलिपच्या फुलांनी आणि पानांनी भरलेली. नक्षी साच्यावरून उतरवलेली, त्यामुळे एका गावातली पेटी दुसऱ्या गावातल्या पेटीची बहीण वाटते. अशा दोनशेहून अधिक वस्तू आज माहीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींवर मधोमध दोन अक्षरं कोरलेली आहेत.

‘बऱ्याच जणींवर’ असं चुकून लिहिलं गेलं, पण तसंच राहू देते. ती अक्षरं मुख्यतः बायकांच्या नावांची आद्याक्षरं आहेत. क्लेअर फ्रँकलिन ल्यूथर या अभ्यासकाचं या पेट्यांवरचं पुस्तक १९३५ साली निघालं. त्यानं गावांच्या वंशावळी धुंडाळून या अक्षरांमागच्या बायका शोधायचा प्रयत्न केला होता. ही मुलींची लग्नाआधीची नावं. पेटी माहेराहून मुलीबरोबर निघायची, आत तिनं जमवलेले कपडे, चादरी, टेबलावरची वस्त्रं. आपल्याकडचं रुखवत आठवावं. सौराष्ट्रातला पटारो आठवावा. पितळेच्या पट्ट्या ठोकलेला, सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठवला जाणारा तो अवजड लाकडी पेटारा आता आमच्या बडोद्यात जुन्या वस्तूंच्या दुकानांत शोभेचा म्हणून विकला जातो.

या सगळ्या पेट्यांत एक कपाट वेगळं आहे. ते आज मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या ‘द हेन्री फोर्ड’ या संग्रहालयात आहे. वर दारांचं कपाट, खाली खण, सगळ्या अंगावर रंगवलेल्या वेली, हृदयाकृती, फुलं. आणि दर्शनी बाजूवर, दुरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव: हॅना बर्नार्ड. दोन आद्याक्षरांवर ती थांबलेली नाही.

हॅना बर्नार्ड मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावची. १७१५ साली तिचं जॉन मार्श या माणसाशी लग्न झालं आणि कायद्यानं ती हॅना मार्श झाली. १७१७ साली, मुलगी झाल्यानंतर, ती वारली. नवऱ्यानं पुन्हा लग्न केलं. कपाट मात्र तिच्या मुलीकडे, ॲबिगेलकडे आलं. जिनं आईला पाहिलं असेल पण जिला आई आठवणं शक्य नव्हतं, अशा त्या ॲबिगेलनं पुढे स्वतःच्या एका मुलीचं नाव ठेवलं हॅना बर्नार्ड हेस्टिंग्ज. नुसतं हॅना नाही. आजीचं माहेरचं आडनावही त्यात गुंफलं. लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासकार बाईंनी ‘द एज ऑफ होमस्पन’ या २००१ सालच्या पुस्तकात या कपाटावर एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीत आहे ती त्यांच्यामुळेच. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जमीन मुलांकडे जायची आणि चल वस्तू मुलींकडे. जमिनीबरोबर आडनाव चालत राहायचं. मुलीचं आडनाव लग्नात संपायचं. मग मुलींच्या बाजूची आठवण कशाबरोबर चालणार? जे उचलून नेता येतं त्याच्याबरोबर.

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झाल्यावर बायकोच्या चल वस्तूही नवऱ्याच्या मालकीच्या होत. म्हणजे कपाटावर ‘हॅना बर्नार्ड’ रंगवलेलं असलं, तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते जॉन मार्शचं होतं. नाव होतं, हक्क नव्हता.

हे वाक्य मराठीत लिहिलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

आमच्या घरी एक पितळी पातेलं आहे. त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी एक नाव आणि तारीख घातलेली आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते वाचून आईला विचारलं होतं, “ही कोण?” आई पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “मीच.” लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून तिचं नाव बदललं गेलं होतं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळंच. बडोद्यात तिला जुन्या नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. ते नाव फक्त भांड्यांवर होतं, कारण भांडी मामानं लग्नाच्या आठ दिवस आधी घालून घेतली होती.

ते नाव मी आणखी एकाच ठिकाणी पाहिलं आहे. आजोबा गेल्यावर मामाकडून एक हक्कसोड पत्र आलं. त्यात आईच्या सासरच्या नावापुढे ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून ते लिहिलं होतं, आणि त्याच्या पुढे तिनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क राजीखुशीनं सोडल्याचं. तिनं सही केली. राजीखुशीनंच केली. भावाकडे येणं-जाणं राहावं यासाठी बहिणी जे करतात तेच तिनं केलं. आपला कायदा तोवर हॅनाच्या कायद्याच्या खूप पुढे गेला होता. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केलं. स्त्रीधन नवऱ्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. तरी आमच्या घरात वाटणी झाली ती हॅडलीसारखीच. जमीन मामाकडे, पातेलं आईकडे.

इथपर्यंत माझा विचार सरळ चालला होता. नाव कोरणं म्हणजे पुसलं जाण्याविरुद्ध केलेली तक्रार, आणि मी त्या तक्रारीच्या बाजूची. माझ्याकडे स्वतःचंही एक कारण होतं. अनुवाद छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर मूळ संपादकांचं नाव होतं, प्रकाशनाचं बोधचिन्ह होतं, माझं नाव नव्हतं. ते आत, हक्कांच्या पानावर, मुद्रणालयाच्या पत्त्याच्या वर होतं. मी प्रकाशकांना लांबलचक पत्र लिहिलं. पत्रात हॅना बर्नार्डचाही उल्लेख केला. आता त्याची थोडी लाज वाटते.

कारण त्या कपाटावर सगळ्यात मोठं नाव आहे ते ज्याच्यासाठी कपाट केलं त्या व्यक्तीचं. ज्यानं ते केलं त्याचं नाही. ओक चिरणारा, सांधे बसवणारा, वेली रंगवणारा कोण होता? हॅडली पेट्या करणारी काही सुतार घराणी अभ्यासक अंदाजानं सांगतात, पण पेटीवर त्यांची अक्षरं नाहीत. आणि हॅडली गाव १६५९ साली वसलं ते ज्या नोरवॉटक लोकांच्या भूमीवर, त्यांचं नाव कशावरच नाही. हॅनाची बाजू घेताना माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

मग कारागिरानं नाव घातलं तर हिशेब पुरा होतो का? त्याचंही उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १७६५ सालचा एक खणांचा चेस्ट आहे, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा. दर्शनी बाजू तीन उभ्या पट्ट्यांत विभागलेली. दोन पुढे आलेल्या, मधली आत गेलेली. प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर कोरलेला शिंपला. अमेरिकी फर्निचरचा कळस म्हणून ज्या मोजक्या वस्तू दाखवल्या जातात त्यांपैकी हा एक. आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे: बनवणारा जॉन टाउनसेंड, साल १७६५. मालकाऐवजी कारागिराचं नाव. मला आधी बरं वाटलं.

पण लाकूड मॅहॉगनी आहे आणि मॅहॉगनी न्यूपोर्टमध्ये उगवत नाही. ते जमैकाहून यायचं. तिथली सहज हाती लागणारी झाडं संपत गेली तसं होंडुरासच्या उपसागराच्या किनाऱ्यावरून, आज जिथे बेलीझ आहे तिथून, येऊ लागलं. ही झाडं रानात दाटीनं उभी नसतात, एकेकटी विखुरलेली असतात. टोळीतला एक जाणकार, गुलाम म्हणून आणलेला आफ्रिकी माणूस, रानातल्या सगळ्यांत उंच झाडावर चढून पानांच्या रंगावरून मॅहॉगनी ओळखायचा. मग बाकीचे गुलाम झाडाच्या खोडाभोवती माच बांधून ते तोडायचे, ओंडके नदीपर्यंत ओढायचे, पुराच्या पाण्यावर सोडायचे. जेनिफर अँडरसन यांनी मॅहॉगनीच्या व्यापारावर २०१२ साली लिहिलेल्या पुस्तकात हा सगळा प्रवास मांडला आहे. झाडाच्या शेंड्यावरून पानांचा रंग वाचणं हेही कसबच. शिंपला कोरण्याइतकंच. त्या कसबाची चिठ्ठी खणात चिकटवलेली नाही.

न्यूपोर्ट हे तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. टाउनसेंड आणि गोडार्ड ही सुतारांची घराणी क्वेकर पंथाची. याच पंथानं १७७०च्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या आपल्या सदस्यांना गुलाम ठेवण्याची बंदी केली. म्हणजे प्रश्न त्यांना दिसत नव्हता असं नाही. रंध्याखालच्या फळीत तो दिसत नव्हता एवढंच.

याच न्यूपोर्ट शैलीतलं एक लिहिण्याचं टेबल आणि वरचं पुस्तकांचं कपाट १९८९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरना विकलं गेलं. त्यावर कारागिराची सही नाही, त्यामुळे ते ओळखलं जातं मालकाच्या नावानं: निकोलस ब्राउन. या निकोलस आणि त्याच्या भावांनी १७६४ साली ‘सॅली’ नावाचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडलं होतं. जहाजावर १९६ माणसं खरीदली गेली आणि त्यांतली निदान १०९ मेली. हे आकडे आपल्याला माहीत आहेत कारण ब्राउनांनी हिशेब नीट ठेवले. त्या वह्यांत मेलेल्यांचे अनुक्रमांक आहेत. स्त्री, पुरुष, मुलगा, मुलगी अशी नोंद आहे. नावं नाहीत.

इथे माझ्या हातातला अनुवाद काही दिवस थांबला. तोवर मी नावाला न्यायाचं मोजमाप मानत होते: ज्याचं नाव आहे त्याला न्याय मिळाला, ज्याचं नाही त्याच्यावर अन्याय झाला. पण तिसरी एक वस्तू अशी निघाली की हे मोजमापच डळमळलं. ती वस्तू आता अस्तित्वात नाही.

जॉन हेमिंग्ज हा थॉमस जेफरसनच्या माँटिसेलो या मळ्यावरचा सुतार. कसबी माणूस, वाचता-लिहिता येणारा, आणि जेफरसनचा गुलाम. १८२५ साली जेफरसनची नात एलन लग्न होऊन बॉस्टनला गेली. तिच्यासाठी हेमिंग्जनं एक लिहिण्याचं डेस्क बनवलं. हेही एका अर्थी रुखवतच. तिचं सामान घेऊन निघालेलं जहाज वाटेत बुडालं आणि डेस्क गेलं. जेफरसननं नातीला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. तो सांगतो की ही बातमी आपल्याला सर्वांत आधी जॉननंच आणून दिली आणि तो पार कोलमडला होता. ‘इनिड’ जळून गेलं असतं तर व्हर्जिलला जेवढं दुःख झालं असतं तेवढं त्याला झालं, असं जेफरसन म्हणतो. आणि भरपाई म्हणून त्यानं नातजावयाला स्वतःचं छोटं मेज पाठवलं, ज्यावर त्यानं १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला होता. ते फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ या सुतारानं बनवलेलं. ते आज स्मिथसोनियनमध्ये आहे.

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना व्हर्जिल वाचला होता. गुलाम सुताराला व्हर्जिलच्या पंक्तीत बसवणारं ते वाक्य प्रथम वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कारागिराला याहून मोठं नाव कोण देणार? पण पुढचं वर्ष पाहा. १८२६च्या जुलैमध्ये जेफरसन वारला. मृत्युपत्रात त्यानं मोजक्या पाच जणांना मुक्त केलं, त्यांत जॉन हेमिंग्ज होता. आणि १८२७च्या जानेवारीत, कर्ज फेडण्यासाठी, माँटिसेलोवर लिलाव झाला. जाहिरातीत एकाच यादीत होते १३० गुलाम, गुरंढोरं, धान्य आणि घरातलं व स्वयंपाकघरातलं सामान. ज्या घरात सुताराची कवीशी तुलना होऊ शकली त्याच घरात सुताराचे सोबती खुर्च्यांबरोबर विकले गेले. चल वस्तू म्हणून. हॅनाचं कपाट ज्या कायदेशीर रकान्यात पडत होतं, त्याच रकान्यात न्यू इंग्लंडच्या मृत्युपश्चात याद्यांतही गुलाम माणसं लिहिलेली सापडतात. पेट्या आणि गाई यांच्या आसपास, पुढे किंमत घातलेली.

म्हणजे हेमिंग्जचं नाव राहिलं, त्याची वाहवा राहिली. जे त्याचं देणं होतं ते मात्र त्या वाक्यानं फिटलं नाही. उलट वाक्य इतकं सुंदर आहे की देणं फिटल्यासारखं वाटतं. सन्मानातली ही गोम मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

आता माझ्या सुताराविषयी.

पुस्तकातले लाकूडकामाचे शब्द मला जमत नव्हते. कोशातले शब्द होते, पण ते आज कोणी वापरतं का हे कळायला मार्ग नव्हता. आमच्या गल्लीपलीकडे एक वयस्कर सुतार आहेत. मूळचे राजापूरकडचे, वडील तरुणपणी बडोद्याला आले. बोलतात मराठी, मध्येच गुजराती. मी त्यांच्याकडे दोन दुपार बसले. फोनवर न्यूपोर्टच्या चेस्टचे फोटो दाखवले. त्यांनी शिंपल्याकडे फार वेळ पाहिलं नाही. म्हणाले, “हे सगळे बघतात. खण बाहेर काढल्याचा फोटो आहे का?” होता. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवलेला, कबुतराच्या शेपटीसारखा सांधा होता. “हाताचा आहे. दात सारखे नाहीत बघा.” मग म्हणाले, “बेन, खणाच्या खालून हात फिरवायचा. रंध्याच्या लाटा लागतात हाताला. दिसतं तिथं माणूस घासतो. दिसत नाही तिथं खरं सापडतं.” अमेरिकेतले जुन्या फर्निचरचे पारखी नेमकं हेच करतात, हे मी त्याच आठवड्यात अनुवादात लिहिलं होतं. खणाचा तळ आणि पाठ रंधून तशीच सोडलेली असते, तिथली लाट बोटांना लागते. त्यांनी ते कुठे वाचलेलं नव्हतं.

‘खणाची पेटी’ हा शब्द मी अखेर वापरला, तोही त्यांचाच. रंधा, पटाशी, गुण्या, कुसू, फळीचा ‘पीळ’, लाकूड ‘बसणं’ हे सगळं त्यांच्या तोंडून तपासून घेतलं. चहा त्यांनीच पाजला. मनोगतात मी ‘अनेकांचे साहाय्य झाले’ असं लिहिलं. आणि मग मुखपृष्ठावर माझं नाव नाही म्हणून प्रकाशकांना ते पत्र.

पुस्तकाची प्रत द्यायला गेले तेव्हा त्यांच्या नातीनं पानं उलटून विचारलं, “यात आजोबांचं नाव कुठंय?” मी ओशाळून म्हटलं, पुढच्या आवृत्तीत नक्की घालते. ते स्वतः हसले. “नावाचं काय करायचंय, बेन? त्या दोन दुपारांत एका दाराची चौकट झाली असती.”

तक्रारीचा सूर नव्हता. पण ते बरोबर होतं. मला शब्दामागे पैसे मिळाले होते, आणि त्यांतले काही शब्द त्यांचे होते. मी त्यांना नाव देऊ करत होते कारण नाव देणं मला स्वस्त पडत होतं. जेफरसनचं वाक्य आठवलं.

नावाचं कौतुक करताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळतो असं आता मला वाटतं. एक मालकी: हे माझं आहे. दुसरं श्रेय: हे मी केलं आहे. तिसरं देणं: याच्यासाठी कोणाकोणाचं काय गेलं. हॅनाच्या कपाटावर पहिलं आहे, तेही कायद्यानं पोकळ केलेलं. टाउनसेंडच्या चिठ्ठीत दुसरं आहे. तिसऱ्यासाठी पेटीवर जागाच नसते. आणि पहिल्या दोघांची अक्षरं जितकी ठळक, तितकं तिसरं विसरायला सोपं.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: आपली परंपरा अनामिकतेची, इथे कलाकार नाव मागतच नाही. हे मला पटत नाही. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांत दासोज, मल्लितम्म अशा शिल्पकारांनी मूर्तींखाली नावं कोरली आहेत. आपले संत अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालतात. जनाबाई घालते तेव्हा स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. म्हणजे तिच्या मुद्रेत नाव, श्रेय आणि ती ज्या घरी राबत होती ते घर, तिन्ही एकदम येतं. असा पुरा हिशेब मांडणारी सही मला दुसरी माहीत नाही. अनामिकता हा गुण म्हणून बहुधा तेच सांगतात ज्यांचं नाव आधीच कुठेतरी लागलेलं असतं.

पण उलट टोकाला जाऊन, नावं घातली की झालं, असंही म्हणता येत नाही. मजुरी आधी, नाव नंतर, असा क्रम असावा. नाव मजुरीच्या जागी देऊ नये. हेमिंग्जला व्हर्जिल म्हणण्याआधी मुक्त करायला हवं होतं. मुलीचं नाव पातेल्यावर घालण्याआधी सात-बारावर घालायला हवं. आणि मला मुखपृष्ठावर नाव मागण्याचा हक्क आहेच, तो मी सोडणार नाही. फक्त मागताना माझ्या खणाच्या तळाशी कोणाचा रंधा फिरला आहे ते मला ठाऊक असायला हवं.

आणि जे गेले, ज्यांना आता मजुरीही देता येत नाही आणि ज्यांचं नावही शोधून सापडणार नाही, त्यांचं काय? झाडाच्या शेंड्यावर चढलेला तो माणूस. ‘सॅली’च्या वहीतली अनुक्रमांकाची मुलगी. काही जण म्हणतात की हे कळल्यावर त्या पेट्या सुंदर म्हणून पाहणंच चूक. मला तसं म्हणवत नाही. तो शिंपला सुंदर आहे, आणि तो सुंदर नाही असं म्हटल्यानं त्या माणसाला काही मिळत नाही. त्याचं कसबही त्या लाकडात आहे. पेटी नाकारली तर तेही नाकारलं जाईल. मला वाटतं, रिकामी जागा रिकामी आहे असं स्पष्ट लिहावं. संग्रहालयाच्या पाटीवर लाकडाचं नाव असतं, सुताराचं असतं, देणगीदाराचं असतं. तिथेच एक ओळ असावी की हे झाड कोणी शोधलं आणि तोडलं त्यांची नावं नोंदली गेली नाहीत, आणि का नोंदली गेली नाहीत. त्यानं कोणाचं देणं फिटत नाही. पण देणं होतं हे तरी पुसलं जात नाही.

महिन्याभरानं मी सुतारकाकांकडे पाकीट घेऊन गेले. त्यांची दिवसाची मजुरी विचारून घेतली होती, दोन दिवसांची ठेवली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि मग म्हणाले, “आता घाला नाव, घालायचं तर. पण पुस्तकात घाला हां. दुसरीकडे कुठे नको.” म्हणून ते या लेखात नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर तिच्यात असेल. प्रकाशकांनी त्याला होकार दिला आहे. मुखपृष्ठाविषयी अजून उत्तर आलेलं नाही.

आईला हे सगळं सांगितलं. पातेल्यावरचं तिचं जुनं नाव या लेखात लिहू का, असंही विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्या हक्कसोड पत्राची नक्कल आपल्याकडे आहे का गं?” आहे, म्हटलं. म्हणाली, “काढून ठेव. एकदा नीट वाचायचंय मला. तेव्हा वाचलं नव्हतं.”